तिकीट स्वतःच्याच मोबाइलवर काढा

पंधरा दिवस झाले, तरी जुहूच्या संगीत महोत्सवाच्या त्या गेटची आठवण आली की माझे कान तापतात. म्हणून आधी तेच सांगते. कुठल्याही संगीत महोत्सवाचं तिकीट अ‍ॅपवर काढणार असाल, तर स्वतःच्या नंबरवर आणि स्वतःच्या नावावर काढा. लेकीच्या नाही, भाच्याच्या नाही.

मी बावन्न वर्षांची, नाशिकरोडजवळ जेलरोडला राहते. गाणं ऐकायला आजवर गेले ती कुणाच्या तरी सोबतीनं. पिंपळपारावरची पाडवा पहाट चुकवत नाही, पण तिथेही पाचसहा जणींचा घोळका असतो आणि मन अर्धं घरच्या फराळात अडकलेलं असतं. जानेवारीत जुहूच्या वाळूवर दिवसभराचा महोत्सव आहे आणि त्यात इलेक्ट्रिक गिटारबरोबर नाशिक ढोल वाजणार आहे, असं कळलं. आपल्या मिरवणुकीतला ढोल समुद्राकाठी कसा ऐकू येईल, हे डोक्यातून जाईना. ह्यांना गर्दी सोसत नाही, मैत्रिणींना रविवारी सवड नसते. मी एकटीच जायचं ठरवलं.

पंचवटी एक्स्प्रेसनं दादर, तिथून लोकलच्या लेडीज डब्यातून विलेपार्ले, पुढे रिक्षा. साडेअकराला समुद्र दिसला. एवढा प्रवास इतका सुरळीत झाला की त्यात सांगण्यासारखं काहीच नाही. दोन तास किनाऱ्यावर फिरले, भुट्टा खाल्ला आणि दीड वाजता रांगेत लागले. ढोलाचा कार्यक्रम तीनला होता. हातात भरपूर वेळ आहे असं वाटलं.

तिकीट पुण्याच्या लेकीनं तिच्या मोबाइलवरून काढून मला स्क्रीनशॉट पाठवला होता. गेटवरच्या मुलानं मशीन धरलं, लाल दिवा लागला. पुन्हा धरलं, पुन्हा लाल. मग तो म्हणाला, "मॅम, स्क्रीनशॉट चालत नाही. अ‍ॅपमधला क्यूआर कोड सारखा बदलतो." एकच तिकीट चार जणांना विकलं जाऊ नये म्हणून तसं केलेलं असतं. कारण मला पटलं. पण पैसे घेतानाच हे ठळक अक्षरांत सांगायला काय हरकत होती?

मला मदतकक्षात पाठवलं. एक तंबू, एक टेबल, दोन मुलं आणि पुढे तीसेक माणसं. माझा नंबर लागल्यावर पहिला प्रश्न आला, "तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कुणी नाही. एकटी आले आहे."

"नाही, म्हणजे तिकीट ज्यांच्याकडे आहे ते कुठे आहेत?"

लेक पुण्याला आहे म्हटल्यावर तो म्हणाला, तुमच्या फोनवर अ‍ॅप घ्या आणि तिच्या नंबरनं लॉगिन करा. ओटीपी अर्थातच तिच्या फोनवर जाणार. ती रविवारी ड्यूटीवर, फोन लॉकरमध्ये. आणि हजारो फोन एकाच किनाऱ्यावर जमल्यामुळे तिथे साधा कॉलही लागत नव्हता. मी आधार कार्ड काढलं. तिकिटावर लेकीचं नाव, लग्नानंतरच्या आडनावासकट. माझ्या कार्डावर माझं आडनाव. "हे नाव मॅच होत नाही," म्हणून त्यानं कार्ड परत दिलं. आपल्याकडे लग्न झालेल्या लेकीचं आणि आईचं आडनाव वेगळंच असतं, हे त्या पोराला ठाऊक नसेल का? मी फोनमधला तिच्या लग्नातला फोटो दाखवला. त्यानं तो पाहिला, "सॉरी मॅम" म्हणाला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

मग गेटवर परत. तिथून दुसऱ्या गेटवर. तिथे पुन्हा, "सोबत कोण आहे, मावशी?" त्या दुपारी हा प्रश्न मला पाच जणांनी विचारला. एकट्या बाईला आत सोडायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती असं नाही, पण अडचण आली की प्रत्येकाची नजर माझ्या मागे कुणाला तरी शोधायची.

तीन वाजता आत ढोल सुरू झाला. मी पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभी होते. हात टेकवला तर पत्रा थरथरत होता. गिटार नीट ऐकू येत नव्हती, ढोल मात्र प्रत्येक ठोक्याला छातीत उतरत होता. ज्याच्यासाठी पहाटे पाचला उठले होते, ते सगळं मी पत्र्याला हात लावून ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं, ते संतापाचं होतं.

एका पोलीस बाईंनी सांगितलं की रस्त्यावर जा, तिथे रेंज मिळेल. पावणेचारला लेकीच्या चहाच्या सुट्टीत फोन लागला. पहिला ओटीपी माझ्यापर्यंत पोचेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा लागला. वाळूतून धावत तंबूत आले, तर टेबलावर आता एक मुलगी होती. तिनं माझा फोन घेतला, "तिकीट ट्रान्सफर" असं बटण दाखवलं, माझा नंबर घातला. एका मिनिटात तिकीट माझ्या नावावर. लेकीनं आदल्या रात्री हेच बटण दाबलं असतं तर दोन तास वीस मिनिटं वाचली असती. आणि आधीच्या मुलांनी दाखवलं असतं तर निदान लेकीला नेमकं काय करायचं ते फोनवर सांगता आलं असतं.

आत गेल्यावर मात्र कुणीही काही विचारलं नाही. मी टॉवेल अंथरून मंचाच्या डाव्या अंगाला बसले. सूर्य बुडताना सारंगी ऐकली, मागे भरतीचा आवाज होता. ते दोन तास फक्त माझे होते, आणि पुढच्या वर्षीही मी एकटीच जाणार आहे.

एक राहिलं. बाटली आणि डबा आत नेऊ देत नाहीत. माझ्या दशम्या रांगेतच वाटून टाकल्या. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, ती मागितली गेली.

परतीचं रेल्वेचं आरक्षण आधी करा. आता ते साठ दिवस आधीच उघडतं. मी रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसचं स्लीपर घेतलं. पंचेचाळीसच्या पुढच्या, एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे, बुकिंग करताना तो निवडा. एकटी बाई रेल्वेच्या नियमात आहे, याचं मला त्या रात्री फार बरं वाटलं. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात, म्हणून शेवटचा कार्यक्रम त्याच्या आत संपतो. तरी मी आठलाच निघाले. नाशिकरोडला स्टँडवर लावलेली स्कूटी काढून दीड वाजता घरी.

महोत्सवात खाण्यापिण्यासाठी मनगटाच्या पट्ट्यात पैसे भरावे लागतात. माझे एकशे ऐंशी रुपये त्यात उरले आहेत. दोन मेल पाठवले, उत्तर नाही. तिसरा सोमवारी पाठवणार, आणि तो माझ्याच नावानं.