गांधीनगरहून आल्यावर

आज ताईच्या लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेलेलो. सांगलीत लग्न ठरलं की गांधीनगर आलंच. साड्या बघून बघून डोळे दुखायला लागले तेव्हा मामा म्हणाले, अगं इथंच वळिवड्याची पोलिश छावणी होती, १९४३ ते ४८, पाचेक हजार माणसं, बायका-पोरंच जास्त. स्टालिननं सायबेरियाकडं हाकललेले, मग इराणमार्गे इकडं. ते गेल्यावर फाळणीत आलेले सिंधी इथं वसले. एवढं ऐकून होते, पण रात्री पुढचं वाचत बसले आणि झोपच उडाली.

त्या बायकांचे नवरे, भाऊ, बरेचसे पोलिश जनरल अँडर्सच्या फौजेत, ब्रिटिशांच्या बाजूनं इटलीत लढत होते. (आपली मराठा पलटणपण इटलीत होती, साताऱ्याकडं घरोघरी माहितीय.) मे १९४४ मध्ये या पोलिश फौजेनं मॉन्टे कॅसिनो, म्हणजे इटलीतला डोंगरावरचा मठ, घेतला, किती पोरं मेली तिथं. आणि त्याच्या आधीच, १९४३ च्या शेवटाला तेहरानमध्ये चर्चिल-रुझवेल्टनी पोलंडचा पूर्व भाग स्टालिनला द्यायचं आतल्या आत कबूल केलेलं! यातले बहुतेक त्याच भागातले. म्हणजे हे लढतायत आणि यांची गावं कधीच देऊन झालीत.

मामांना फोन लावला, ते स्वतः फौजी. म्हणाले रशिया नसता तर हिटलर हरला असता काय? बरोबरय, जर्मनीचं कंबरडं रशियानंच मोडलं. म्हणून रशियातल्या काटिनच्या जंगलात मारून पुरलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या कबरी सापडल्या, हे रशियाचंच काम दिसतंय असं ब्रिटनच्या स्वतःच्या राजदूतानं लिहून दिलं, तरी सरकारनं तो रिपोर्ट दाबला, तेपण एकवेळ समजून घेते. पण रुझवेल्टचं काय? तो तेहरानमध्ये स्टालिनला सांगतो, आमच्याकडं साठ-सत्तर लाख पोलिश वंशाचे लोक आहेत, पुढच्या वर्षी इलेक्शन आहे, मी यात उघड पडणार नाही. हे युद्धाचं कारण झालं का झेडपीच्या तिकिटाचं?

आणि १९४६ चं तर डोक्यातच जात नाही. हिटलर संपलेला. ज्या पोलंडसाठी ब्रिटन १९३९ ला युद्धात उतरलं, त्याच्याच कॅसिनोवाल्या सैन्याला लंडनच्या विजय संचलनात बोलावणं नाही. फक्त थोड्या वैमानिकांना बोलावलं, त्यांनी बाकीच्यांना सोडून यायला नकार दिला, बरं केलं. मामा म्हणतात ब्रिटनचा खिसा रिकामा झालेला, रशियाशी वाकडं कोण घेणार. असेल. पण चार पलटणी रस्त्यानं चालल्या असत्या म्हणून स्टालिननं काय लंडनवर रणगाडे घातले असते का?