फेर्मोसेये: दगडावरचा वेल आणि दगडाखालची वाईन

गेल्या ऑक्टोबरमध्ये सालामांकाला पुतण्याकडे गेले होते, तेव्हा त्याने मला दोन दिवसांसाठी फेर्मोसेये या गावी नेले. स्पेनच्या सामोरा प्रांताच्या नैर्ऋत्य टोकाला, दुएरो नदीच्या खोल घळईच्या काठावर हे गाव वसले आहे आणि नदीपलीकडचा कडा पोर्तुगालचा आहे. नागपूरच्या सपाट काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला तेथील जमीन प्रथम जमीन वाटतच नाही. ग्रॅनाइटच्या खडकांमधून कुठेकुठे माती डोकावते, आणि त्या मातीला धरून ठेवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी उतारावर चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड बसवून पायऱ्यापायऱ्यांची शेते रचली आहेत. काही पायऱ्या इतक्या अरुंद आहेत की तेथे वेलांच्या दोनच ओळी मावतात. असे कोरडे दगडी बांध घालण्याच्या कलेची स्पेनसह आठ देशांच्या वतीने 2018 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली, हे मला पुतण्याने तेथेच सांगितले.

या घळईच्या प्रदेशाला आरीबेस म्हणतात. वरच्या पठारावर हिवाळा कडक असतो, पण घळईचा उतार सखल आणि वाऱ्यापासून आडोशाला असल्यामुळे तेथे ऊब टिकते. म्हणूनच पठारावर न होणारे बदाम आणि ऑलिव्ह तेथे होतात आणि द्राक्षही नीट पिकते. हुआन गार्सिया ही तेथील मुख्य काळी द्राक्षजात. तिच्याबरोबर ब्रुन्याल, रुफेते, पांढरी दोन्या ब्लांका अशा जुन्या जाती अजून टिकून आहेत. 2007 साली आरीबेसच्या वाईनला स्वतंत्र मूळस्थान दर्जा मिळाला. आपल्या नागपुरी संत्र्याला 2014 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाच्या जातीचीच ही गोष्ट.

गावाच्या माथ्यावर किल्ल्याचे थोडेसे अवशेष आहेत. लोक त्याला दोन्या उर्राकाचा किल्ला म्हणतात. अकराव्या शतकातील राजा पहिला फर्नांदो याने सामोरा आपल्या या मुलीच्या वाट्याला दिले होते. पुढे पाचव्या कार्लोस राजाविरुद्ध कोमुनेरोंचा, म्हणजे कास्तीयच्या शहरांतील बंडखोरांचा, उठाव झाला आणि सामोराचे बिशप आकुन्या त्यात अग्रभागी होते. 1521 साली बियालारच्या लढाईत उठाव मोडला, 1526 साली आकुन्यांना मृत्युदंड झाला, आणि त्या धामधुमीनंतर हा किल्लाही पाडण्यात आला.

मला मात्र किल्ल्यापेक्षा गावाखालचे गाव अधिक महत्त्वाचे वाटले. फेर्मोसेयेला हजार तळघरांचे गाव म्हणतात. घराच्या दारातून आत गेले की जिना थेट खडकात उतरतो, आणि खाली ग्रॅनाइट फोडून काढलेल्या खोल्यांतून वाईनची पिंपे मांडलेली असतात. उन्हाळा असो वा हिवाळा, तेथील गारवा फारसा बदलत नाही. एका तळघराच्या वयस्क मालकांनी आम्हांला भिंतीवरचे छिन्नीचे घाव हात लावून दाखवले. रस आंबू लागला की त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो, म्हणून त्या दिवसांत पेटती मेणबत्ती पुढे धरूनच खाली उतरायचे, ज्योत विझली की माघारी फिरायचे, असे ते सांगत होते. ते ऐकताना मला आमच्या काटोलच्या घराचे ज्वारीचे पेव आठवले. पेवाचे तोंड उघडून बराच वेळ तसेच ठेवायचे, मग दोरीने दिवा सोडून पाहायचा, आणि तो जळत राहिला तरच माणसाने उतरायचे, हे आजी आम्हां मुलांना दरवर्षी बजावत असे.

त्या संध्याकाळी मी काटोलला बाबांना व्हिडिओ कॉल केला आणि वेल दाखवले. बाबांनी घळई पाहिली नाही, किल्ला पाहिला नाही. "खुंट कोणता आहे त्यांचा, विचारलंस का?" एवढेच त्यांनी विचारले. मी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी पुतण्याकरवी विचारले, तेव्हा त्या गृहस्थांचा चेहरा उजळला. मूळ अमेरिकन, वरचे कलम हुआन गार्सियाचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने युरोपच्या वेलांची मुळे खाऊन टाकली. स्पेनमध्ये ती 1878 साली मालागाच्या बाजूस प्रथम आढळली. या किडीला दाद न देणारी मुळे अमेरिकन वेलींचीच होती, त्यामुळे त्यांच्या खुंटांवर युरोपीय जाती बांधणे हाच टिकाऊ उपाय ठरला. आम्हीही संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरत आलो, आणि डिंक्या रोगाने बगीचा बसल्यावर बाबांनी नवी लागवड रंगपूर लिंबाच्या खुंटावर केली. ज्यांचे झाड मुळापासून गेले आहे, त्यांनाच हा प्रश्न आधी सुचतो.

परतताना एक गोष्ट मनातून जाईना. या उतारावर ट्रॅक्टर चालत नाही, येथे पोचणे कठीण होते, म्हणून बाजारात चालणाऱ्या जाती लावण्याची घाई येथे झाली नाही आणि हुआन गार्सिया वाचली. पण त्याच अवघडपणामुळे माणसे गाव सोडत गेली. आता गावात बाराशेच्या आसपास वस्ती आहे, आणि कितीतरी पायऱ्यांवर वेलांऐवजी झुडपे माजली आहेत. एक बांध ढासळला की त्याच्यावरची माती पुढच्या पावसात खाली सरकते आणि तिच्या भाराने खालचा बांधही फुगतो; त्यामुळे एका कुटुंबाने शेत सोडले की शेजाऱ्याचेही काम वाढते. काटोलकडे संत्र्याचा बगीचा तोडून कपाशी लावणाऱ्यांना मी कधी दोष दिला नाही, कारण हिशेब मला ठाऊक आहे. तरीही फेर्मोसेयेत सत्तरी ओलांडलेला एक माणूस गुडघे टेकून ढासळलेल्या बांधाचा एकेक दगड फिरवून त्याची बसणारी बाजू शोधताना पाहिला, तेव्हा मी बराच वेळ तेथून हलू शकले नाही.

घरी आल्यावर बाबांना सर्व छायाचित्रे दाखवली. त्यांनी त्या बांधाचे चित्र मोठे करून पाहिले आणि तळाचा दगड आतल्या बाजूला किती कललेला आहे ते बोटाने मोजले. आमच्या नाल्याकडचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, दर पावसाळ्यात फुटतो. उन्हाळ्यात तो तसाच, आत कलता रचून पाहायचे त्यांनी ठरवले आहे.