भर दुपारी टॉर्च लावून

मुंबईत गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत मी टीबीच्या रुग्णांच्या घरी जाते. गोळ्या नीट चालल्यात का बघायचं, वजन घ्यायचं, घरातल्या बाकीच्यांना खोकला-ताप आहे का विचारायचं, हे रोजचं काम. मे महिन्यातली ती गृहभेट मात्र अजून डोक्यातून जात नाही. रुग्ण एकोणीस वर्षांची मुलगी, थुंकी पॉझिटिव्ह. पत्ता बघितला आणि ओळख पटली. याच घरात दोन वर्षांपूर्वी तिच्या आईचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाला होता, आणि आईच्या गोळ्यांवर लक्ष ठेवायलाही मीच जात होते.

दार उघडलं तेव्हा तिची आई, मी त्यांना मावशी म्हणते, ट्यूबलाइटखाली शर्टांचे धागे कापत बसली होती. घड्याळात बारा वाजले होते. खिडकी होती, पण तिला आतून प्लास्टिक ठोकलेलं. बाहेर तीनएक मीटरवर पलीकडच्या इमारतीची भिंत आणि मधल्या फटीत वरच्या मजल्यांवरून टाकलेला कचरा. वास, डास, घुशी. खिडकी उघडायची कुणी? गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला मला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. मे महिन्यात, भर दुपारी, मुंबईत.

मुलगी भिंतीला टेकून बसली होती. मावशी तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, मी एक गोळी चुकवली नाही. तुम्हीच मोजत होता. मग हिला कसा झाला?"

त्यांना वाटत होतं, आपणच पोरीला दिला. मी त्यांच्याजवळ खाली बसले. टीबीचा जंतू हवेतून पसरतो. हवा खेळती असली की तो पांगतो, उन्हात मरतो. कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतो. लागण झाली तरी आजार कधीकधी वर्षा-दोन वर्षांनी उठतो. आईकडून लागण झाली की शेजारून, हे सांगता येत नाही, कारण त्याच मजल्यावर आणखी घरांत उपचार चालू होते आणि सगळ्यांचा कॉरिडॉर एकच, तोही अंधारा. "मावशी, तुमचं काही चुकलं नाही," एवढं मात्र मी दोनदा सांगितलं.

तिथून जिने चढून सातव्या मजल्यावर गेले, लिफ्ट बंदच होती. तिथल्या आजोबांचा कोर्स संपत आला होता. टीबी वरही होतोच. पण खोली तेवढीच, 225 चौरस फुटांची, आणि खिडकीतून लख्ख उजेड थेट कॉटपर्यंत आलेला. कॉटवर कुरडया वाळत होत्या.

मावशींचे सासू-सासरे 1972 च्या दुष्काळात जालन्याकडून आले. रुळांलगत झोपडी बांधली. लोकलचे मार्ग वाढवायचे ठरले तेव्हा रुळांकडेच्या हजारो झोपड्या हटल्या आणि त्यातली बरीच कुटुंबं इकडे आली. त्या मार्गांमुळे लाखो लोकांचा कामावर जाण्याचा प्रवास सोपा झाला, हे मी नाकारत नाही. मावशीही नाकारत नाहीत. "झोपडीत पावसाळाभर गुडघाभर पाणी असायचं. इथं संडास घरात आहे, रात्री पोरींना बाहेर जावं लागत नाही," असं त्या स्वतःहून सांगतात. खोली लॉटरीत लागली. दुसरा मजला निघाला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला होता, जिने कमी चढायचे म्हणून. पूर्वी त्या जवळच्या बिल्डिंगांत घरकाम करायच्या. इथून तिथं जाण्यातच पगार संपायला लागला, म्हणून धागे कापायला घेतले. म्हणजे ज्या खोलीत उजेड नाही, तिथंच दिवसभर बसून काम.

2011 च्या जनगणनेत मुंबईतली सुमारे 41 टक्के कुटुंबं झोपडपट्टीत होती. त्यांना पक्कं घर हवंच. पण एका हेक्टरात जास्तीत जास्त घरं बसवण्यासाठी दोन इमारतींमधलं अंतर कमी करायची सवलत दिली गेली, आणि ती खालच्या मजल्यांवरच्या माणसांच्या फुप्फुसांतून वसूल होते आहे. याच भागातल्या वसाहतींचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथं इमारती खेटून आहेत तिथं, आणि त्यातही खालच्या मजल्यांवर, टीबी जास्त, असंच त्यात दिसलं. आमच्या फॉर्मवर वय, वजन, साखर, व्यसन सगळं भरायचं असतं, मजला नाही. त्या दिवसापासून मी डायरीत प्रत्येक नावापुढे मजला लिहायला लागले. पानं भरली तेव्हा डॉक्टरांपुढे ठेवली. तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा, हेच आकडे सारखे येत होते. डॉक्टरांनी पत्र वर पाठवलं. एकदा फटीतला कचरा उचलला गेला. इमारती आता हलवता येणार नाहीत, मला कळतं. पण पुनर्विकासाचे नवे नकाशे रोज मंजूर होतायत, आणि त्यांतल्या ऊन-वाऱ्याबद्दल आरोग्य खात्याची सही लागलीच पाहिजे. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत डिसेंबरच्या दुपारी किती वेळ ऊन येतं, ते दाखवल्याशिवाय नकाशा पास होऊ नये.

दोन महिन्यांनी मुलीची थुंकी निगेटिव्ह आली, वजनही वाढलं. घरातल्या बाकीच्यांच्या प्रतिबंधक गोळ्या चालू केल्यात. मावशी वरच्या मजल्यावर भाड्याने खोली बघतायत, पण तिथलं डिपॉझिट अजून त्यांच्या हाताबाहेर आहे.