शिबपूरच्या बागेत न ओळखला गेलेला चहा

कोलकात्यात आम्ही काय काय पाहिले, हे सांगण्यात फारसा अर्थ नाही. व्हिक्टोरिया मेमोरियल, बेलूर मठ आणि कुमारटुली यांविषयी पुष्कळ लिहून झालेले आहे आणि त्यात भर घालण्याजोगे माझ्याजवळ काही नाही. लिहावेसे वाटते ते हुगळीच्या पलीकडच्या काठावर, हावड्याच्या शिबपूर भागात असलेल्या वनस्पती उद्यानाविषयी, आणि तिथे दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका माणसाचा मला जो राग आला त्याविषयी.

या बागेला आता आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. विद्यासागर सेतूवरून जाणाऱ्या बसमध्ये उकाडा आणि गर्दी इतकी होती की, उतरल्यावर समोर हिरवळ दिसली याचेच अप्रूप वाटले. आत शिरणारे बहुतेक सगळे लोक थेट प्रसिद्ध वटवृक्षाकडे जातात. त्याचे मूळ खोड बुरशी लागल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकले, तरी तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर तो झाड म्हणून उभा आहे. तिथे फोटो काढणाऱ्यांची अशी दाटी होती की, झाडापेक्षा पाठीच जास्त दिसत होत्या. मला मात्र चहाचे झुडूप पाहायचे होते. बाकावर बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांना मी हिंदीत विचारले, तर त्यांनी अतिशय सौजन्याने प्रवेशद्वाराकडे बोट दाखवून सांगितले, "चा? गेटेर बाइरे पाबेन." मला प्यायचा नव्हे तर उगवणारा चहा हवा आहे, हे समजल्यावर ते मनापासून हसले आणि सरकून त्यांनी मला बसायला जागा दिली.

चहा याच बागेत का शोधायचा, हे त्यांना सांगता सांगता माझा राग वाढत गेला. कर्नल रॉबर्ट किड याने १७८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकरिता ही बाग काढली, ती शोभेसाठी नव्हे. १७७० चा बंगालचा भयंकर दुष्काळ लोकांच्या स्मरणात ताजा होता. साबुदाण्याचा ताड, जहाजांसाठी साग, मसाल्याची झाडे असे जे जे उपयोगी पडेल ते इथे रुजवून पाहावे, असा हेतू होता. पुढच्याच वर्षी लंडनहून जोसेफ बँक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने कंपनीला हिंदुस्थानात चहा लावण्याचा सल्ला दिला. तो साडेचार दशके कागदावरच राहिला, कारण चीनशी व्यापाराचा मक्ता कंपनीच्याच हातात होता आणि स्वतःच्या दुकानासमोर दुसरे दुकान कोण थाटणार? चहाची किंमत चुकवायला बंगालची आणि माळव्याची अफू होती. माळव्याची अफू आमच्या मुंबई बंदरातून चीनला जाई आणि ज्यांच्या नावाचे रुग्णालय व कलाविद्यालय आपण अभिमानाने दाखवतो, त्या जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतही तिचा मोठा वाटा होता. कोलकात्याला नावे ठेवताना मुंबईकराने एवढे लक्षात ठेवलेले बरे.

आता ज्याचा राग आला तो माणूस. नॅथॅनिअल वॉलिक हा मूळचा कोपनहेगनचा. कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतीत तो वैद्य म्हणून आला, इंग्रजांनी वसाहत घेतली तेव्हा कैदेत पडला आणि वनस्पतींच्या ज्ञानामुळे सुटून १८१७ पासून या बागेचा अधीक्षक झाला. नेपाळ आणि ब्रह्मदेशातल्या कितीतरी वनस्पती त्याच्यामुळे जगाला माहीत झाल्या. कर्तृत्वाविषयी वाद नाही. परंतु १८२५ मध्ये आसामातून डेव्हिड स्कॉट या अधिकाऱ्याने त्याच्याकडे काही पाने पाठवली आणि ही चहाची आहेत असे कळवले, तेव्हा वॉलिकने ती कॅमेलिया या फुलझाडाची ठरवली आणि विषय संपवला.

ती पाने आली होती कुठून, हे पाहिले की मग बागेतल्या सावलीतही डोके तापते. वरच्या आसामातले सिंगफो लोक ही पाने पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. पाने भाजून, वाळवून, बांबूच्या नळीत ठासून धुरावर ठेवण्याची त्यांची रीत आजही टिकून आहे. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस हा व्यापारी त्यांचा प्रमुख बीसा गाम याला भेटला. ही भेट तरुण मनीराम दत्त बरुआ याच्या सांगण्यावरून झाली, असे मानले जाते. रॉबर्ट लवकरच वारला. त्याचा भाऊ चार्ल्स याने रोपे आणि बिया मिळवल्या व त्यांतलेच नमुने स्कॉटमार्फत कोलकात्याला पोचले. म्हणजे झाड सापडलेले होते, त्याचा उपयोग करणारे लोक सापडलेले होते, त्याची रोपेही लावून झाली होती. अडले होते ते फक्त शिबपूरच्या एका टेबलावर.

वॉलिकची बाजू मला समजते. नुसत्या पानांवरून निर्णय देऊ नये, फुले-फळे पाहावीत, हे शास्त्राला धरूनच आहे. पण मग फळे मागवायला काय हरकत होती? त्यातली गंमत अशी की, त्या काळी चहा आणि कॅमेलिया या दोन वेगळ्या प्रजाती मानल्या जात, तर आजचे वनस्पतिशास्त्र चहालाच 'कॅमेलिया सायनेन्सिस' म्हणते. पानांना दिलेले नाव आजच्या हिशेबाने बरोबर आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा!

१८३३ मध्ये चीनच्या व्यापाराचा मक्ता संपला आणि कंपनीला अचानक चहाची आठवण झाली. गव्हर्नर जनरल बेंटिंकने १८३४ मध्ये चहासाठी समिती नेमली, वॉलिक त्यात होताच. तिचा सचिव गॉर्डन चिनी बियाणे आणायला रवाना झाला. इकडे आसामातून चार्लटन या लष्करी अधिकाऱ्याने या वेळी फळांसह नमुने पाठवले आणि त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, समितीने जाहीर केले की चहा आसामात मूळचाच आहे. सिंगफोंना हे कळवण्याची गरज कोणाला वाटली असेल, असे मला वाटत नाही.

तरीही विश्वास बसला नाही, तो नाहीच. गॉर्डनच्या बियांपासून कोलकात्यात सुमारे ४२,००० रोपे तयार झाली. त्यांतली २०,००० वरच्या आसामात, तेवढीच कुमाऊँच्या बाजूच्या डोंगरांत आणि उरलेली २,००० दक्षिणेत पाठवली गेली. आसामात पाठवलेल्यांपैकी बहुतेक मेली. १८३५-३६ मध्ये वॉलिक, वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रिफिथ आणि भूशास्त्रज्ञ मॅक्लेलँड हे तिघे कित्येक महिने होडीने प्रवास करून आसामात पोचले आणि वाटेत एकमेकांशी भांडले. रानटी झाडापेक्षा चिनी बियाणेच आणावे, असा ग्रिफिथचा आग्रह. त्या आग्रहापायी चिनी आणि आसामी झाडांचा जो संकर मळ्यांत माजला, तो निस्तरण्यात पुढच्या मळेवाल्यांच्या पिढ्या गेल्या. प्रत्यक्षात १८३८ मध्ये लंडनला रवाना झालेला आणि १० जानेवारी १८३९ रोजी लिलावात विकला गेलेला पहिला आसाम चहा त्याच रानटी झाडांचा होता.

वॉलिक रजेवर असताना १८४२ मध्ये हाच ग्रिफिथ या बागेचा प्रभारी झाला आणि शास्त्रीय मांडणीच्या नावाखाली त्याने जुनी झाडे तोडून बाग उघडीबोडकी केली. १८४८ मध्ये आलेल्या जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते पाहून धक्का बसला होता. वॉलिकविषयी मला दया आली ती एवढ्याच जागी. १८४४ मध्ये आसामी चहाला स्वतंत्र शास्त्रीय नाव मिळाले, तेही जॉन मास्टर्स याच्याकडून, म्हणजे याच बागेत पूर्वी मुख्य माळी असलेल्या माणसाकडून.

रॉबर्ट फॉर्च्यून चिनी वेश करून चहाची रोपे पळवतो, ही गोष्ट सगळ्यांना आवडते, कारण तिच्यात वेषांतर आहे, डोंगर आहेत, रोपे जिवंत नेण्याच्या काचेच्या पेट्या आहेत. १८५१ मध्ये त्याच्या पेट्या कोलकात्यातच उतरल्या. पण तोवर आसाम कंपनी स्थापन होऊन बारा वर्षे झाली होती आणि दार्जिलिंगात आर्चिबाल्ड कॅम्पबेलने चहा लावूनही दशक लोटले होते. सिंगफोंनी जमिनी जाऊ लागल्यावर १८४३ मध्ये उठाव केला आणि तो मोडला गेला. मनीराम आसाम कंपनीचा दिवाण झाला, मग नोकरी सोडून त्याने स्वतःचे मळे काढले आणि १८५८ मध्ये जोरहाटला इंग्रजांनी त्याला फाशी दिले. या गोष्टीत वेषांतर नाही, म्हणून ती मागे पडली असावी.

गृहस्थांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि वॉलिकऐवजी माझ्याशीच वाद सुरू केला. त्यांच्या मते आसामचा चहा दूध-साखर घालून पिण्यापुरता ठीक, खरा चहा दार्जिलिंगचा. फाटकाबाहेर टपरीवर त्यांनी आम्हा दोघांना मातीच्या भांड्यांतून दुधाचा, आल्याचा, चांगला कडक चहा पाजला. तो आसामचाच आहे ना, असे मी टपरीवाल्याला विचारताच त्याने "और क्या?" म्हटले. गृहस्थांनी पैसे मला देऊ दिले नाहीत आणि दार्जिलिंगवरचा आपला दावाही सोडला नाही.