तुम्ही विचारलेत म्हणून: कोणती गिटार विकल्याचा पस्तावा होतो?

कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळत असतो, तेव्हा कोणीतरी जवळ येऊन हा प्रश्न विचारतेच, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याला कोणते उत्तर हवे आहे हेही कळते. हातून गेलेली एखादी जुनी, दुर्मीळ गिटार, तिची आज आभाळाला भिडलेली किंमत आणि माझी हळहळ, अशी ती गोष्ट असावी अशी त्याची इच्छा असते. गेल्या तीस वर्षांत मी अकरा इलेक्ट्रिक गिटारी विकल्या आणि आज घरात तीन आहेत. विकलेल्यांपैकी एकीचाच पस्तावा होतो. पण ती दुर्मीळ नव्हती, जुनीही नव्हती, आणि तिची हकीकत उभ्या उभ्या सांगण्यासारखी नसल्यामुळे मी आजवर ‘लेस पॉल’ या एका नावाजलेल्या घडणीचे नाव तेवढे घेऊन सुटका करून घेत आलो. ते उत्तर खोटे होते. खरे द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

पहिली गिटार स्ट्रॅटोकास्टर या नावाजलेल्या घडणीची नक्कल होती. बॉडी प्लायवूडची, रंग लाल, आणि पहिल्या फ्रेटपाशी, म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, तारा इतक्या उंच की एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायची ‘एफ’ची बार कॉर्ड धरताना तर्जनीवर वळ उठत. दीड वर्ष मी माझ्या बोटांना दोष देत राहिलो. नटच्या, म्हणजे डोक्याजवळ तारांना टेकू देणाऱ्या पट्टीच्या, खाचा पुरेशा खोल नसल्या तर फ्रेटपर्यंत दाबताना तार जास्त ताणली जाते, सूर चढा लागतो आणि बोटालाही नको तेवढा जोर द्यावा लागतो, हे सांगणारे तेव्हा कोणी भेटले नाही. जाणत्या हाताने बारीक कानशीने थोड्या वेळात उरकावे असे ते काम होते. ती गिटार मी एका मित्राच्या धाकट्या भावाला विकली आणि त्याने महिन्याभरात शिकणे सोडले. त्याच्या सोडण्यात त्या खाचांचा वाटा किती होता, हा विचार अजून मधूनच डोके वर काढतो.

लेस पॉल घडणीची गिटार मात्र मी सहा वर्षे वाजवली आणि तिच्यावर खरोखर जीव लावला. ही घडण १९५२ साली बाजारात आली आणि १९५७ पासून तिच्यावर हंबकर जातीचे पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारे चुंबकी भाग, बसू लागले. त्यात दोन वेटोळी शेजारी शेजारी असतात, एकमेकांच्या उलट जोडलेली आणि चुंबकांची टोकेही उलट ठेवलेली. त्यामुळे दिव्यांच्या नि ट्रान्सफॉर्मरच्या तारांतून शिरणारी घरघर दोहोंत विरुद्ध येऊन आपापसांतच विरते, तारेचा आवाज मात्र बेरजेत मिळतो. नटपासून बॉडीवरच्या टेकूपर्यंतची, म्हणजे ब्रिजपर्यंतची, तार ६२८ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरच्या ६४८ मिलिमीटरपेक्षा वीसेक मिलिमीटरने आखूड, त्यामुळे ताण कमी आणि स्वर ओढताना बोटाला सुख. एके दिवशी सरावाच्या खोलीत मी ती अ‍ॅम्पला टेकवून ठेवली आणि पाणी प्यायला गेलो. परत आलो तेव्हा ती जमिनीवर उताणी पडली होती, तारा सैल झाल्या होत्या आणि नटच्या मागे केसाएवढी एक रेघ दिसत होती. गिटारीचे डोके हलकेच मागे दाबून पाहिले, तर ती रेघ उघडली. या घडणीत डोके सुमारे १७ अंशांनी मागे झुकलेले असते, सबंध नेक, म्हणजे मान, एकाच लाकडातून कापलेला असल्याने नेमक्या त्या वाकणावर लाकडाचे रेषे आखूड पडतात, आणि मानेच्या आतली सळई (ट्रस रॉड) आवळण्याच्या चाकीला जागा हवी म्हणून तिथलेच लाकूड पोखरलेले असते. पण दोष लाकडाला कशाला द्यायचा? स्टँड दोन पावलांवर होता.

सरस भरून, क्लॅम्प लावून जोड बसवला तो इतका चांगला बसला की आवाजात मला काडीचाही फरक जाणवला नाही. तरी पुढे दोन वर्षांनी ती विकली, जोड दाखवून आणि बोटाने चाचपायला लावून विकली, आणि मोडून जोडलेल्या गिटारीची किंमत उतरते तशी ती उतरली. लोकांना वाटते की हिच्यासाठी मी रडत असेन. मी रडत नाही. तिचे वजन साडेचार किलो होते आणि माझा डावा खांदा आजही तिच्या जाण्याचे स्वागत करतो.

मधल्या काळातल्या गिटारींवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. फ्लॉइड रोझ पद्धतीचा लॉकिंग ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने सूर वर-खाली करणारा ब्रिज, असलेली एक होती. त्यात तारा दोन्ही टोकांना आवळून धरलेल्या असतात, म्हणून दांडा तळापर्यंत दाबला तरी सूर परत जागेवर येतो. पण तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण यांच्या तोलावर ब्रिज तरंगत असल्याने एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात. ऐन कार्यक्रमात हे एकदा घडले आणि वर्षाच्या आत ती गेली. टेलिकास्टर अ‍ॅम्पसाठी विकली. याच घडणीचे १९५० साली ‘ब्रॉडकास्टर’ असे नाव ठेवले होते, पण दुसऱ्या एका कंपनीच्या ड्रमचे नाव उच्चाराने तेच असल्यामुळे ते सोडून द्यावे लागले आणि १९५१ पासून ती टेलिकास्टर झाली. गिटार म्हणून तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. तरीही चांगली गिटार आणि सुमार अ‍ॅम्प यांपेक्षा सुमार गिटार आणि चांगला अ‍ॅम्प केव्हाही बरा, असे माझे मत आहे आणि त्यावर मी भांडायला तयार आहे. तोच सौदा मी उद्याही करीन.

आता ती एक. स्ट्रॅटोकास्टरच होती, फिक्या निळ्या रंगाची, मेपलच्या नेकची, नवी कोरी घेतलेली. १९५४ साली ही घडण आली तेव्हा तिच्यावर तीन पिकअप होते आणि त्यांतून निवड करणारा स्विच तीनच जागांचा होता. वाजवणाऱ्यांनी तो दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवण्याची युक्ती काढली, आणि कारखान्यातूनच पाच जागांचा स्विच यायला १९७७ साल उजाडले. मला ही गिटार त्या दोन मधल्या जागांसाठीच हवी होती. तिथला पोकळसर, किंचित नाकात बोलल्यासारखा आवाज दुसऱ्या कोणत्याही गिटारीतून तसाच निघत नाही.

पहिले दोन आठवडे आनंदात गेले. मग जाडी ‘ई’ तार बाराव्या फ्रेटच्या वर वाजवली की काहीतरी बिनसते असे लक्षात आले. स्वर लागे, पण एकच लागत नसे. जवळजवळ सारख्याच उंचीचे दोन स्वर एकमेकांवर घासत असल्यासारखी त्यात लहर उठे, आणि सूर मोजणाऱ्या ट्यूनरचा काटा मधोमध उभा न राहता डावी-उजवीकडे डुलत राही. तारेची लांबी वाढून सूर जुळावा म्हणून मी ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे त्या तारेचा टेकू, मागे घेतले. फरक पडला नाही. आणखी मागे घेतले. शेवटी ते इतके मागे गेले की त्याच्या मागची स्प्रिंग पुरती दबून तिचे वेढे एकमेकांना चिकटले, आणि तरीही काटा डुलतच राहिला. तारा तीन वेगवेगळ्या जाडीच्या लावून पाहिल्या. दोन कारागिरांना दाखवली. एकाने नेकला पीळ पडल्याचे सांगितले, दुसऱ्याने तसे काही नसल्याचे सांगून पुन्हा नव्या तारा लावल्या. सात-आठ महिन्यांनी माझी खात्री झाली की या लाकडातच खोट आहे. एका तरुण वादकाला ती विकली. वरच्या फ्रेटवर जाडी तार नीट लागत नाही, हे मी त्याला आधी सांगितले. त्याने ती अ‍ॅम्पशिवायच पाच मिनिटे वाजवली, मान हलवली आणि घेऊन गेला.

दोन वर्षांनी तो एका कार्यक्रमात आमच्या आधी वाजवणार होता. मी पडद्यामागे उभा होतो. त्याने नेमकी त्याच तारेवर, तेराव्या-चौदाव्या फ्रेटच्या आसपास सुरू होणारी एक लांब ओळ घेतली आणि ती निखळ सुरात लागली. लहर नाही, घासणे नाही. तो आत आला तेव्हा मी गिटार ओळखली आणि तिचे काय केलेस, नेक बदललास का, असे विचारले.

“काहीच केलं नाही, दादा,” तो म्हणाला. “पिकअप खाली घेतले फक्त.”

मग त्याने ते दाखवलेही. या घडणीच्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली चुंबकाचा एकेक दंडगोल उभा असतो. पिकअप फार वर असला तर तो चुंबक तार नुसती ऐकत नाही, ओढतोही. तारेचे वर-खाली होणारे कंपन आणि आडवे कंपन यांवर ही ओढ सारखी पडत नाही; एकाची गती थोडी बदलते, दुसऱ्याची तेवढी नाही, आणि एकाच तारेतून दोन किंचित वेगळे स्वर निघून त्यांची लहर ऐकू येते. तार जितकी जाड, फ्रेट जितका वरचा आणि पिकअप नेकच्या जितका जवळ, तितका हा प्रकार अधिक, कारण तिथे तार चुंबकाच्या जवळ येते आणि मोठ्या झोक्याने हलते. उपाय दोन स्क्रूंचा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि पिकअपच्या टोकापासून तारेपर्यंत जाड्या तारेकडे सुमारे अडीच मिलिमीटर, बारीक तारेकडे दोन मिलिमीटर अंतर राहील असे पाहायचे, आणि मग कानाने ठरवायचे. माझ्या वेळी तिथे एक मिलिमीटरही नव्हता.

हे सांगताना मला सर्वांत जड जाणारा भाग असा की ते पिकअप कारखान्यातून तसे आले नव्हते. गिटार घरी आणली त्याच आठवड्यात, जवळ म्हणजे मोठा आवाज या हिशेबाने, मीच ते शेवटापर्यंत वर घेतले होते आणि नंतर विसरून गेलो होतो. आठ महिने मी जो दोष शोधत होतो, तो माझ्याच स्क्रू ड्रायव्हरने घातलेला होता. त्या अ‍ॅम्पशिवायच्या पाच मिनिटांत त्याने काय ऐकले असेल, हेही तेव्हा उमगले: चुंबकाची ओढ अ‍ॅम्पवर अवलंबून नसते, नुसती तार छेडली तरी लहर ऐकू येते. त्याने ती ऐकली होती आणि तिचे कारणही ओळखले होते. मला सांगितले नाही याचा राग मला आला, पण घरी पोहोचेपर्यंत तो टिकला नाही.

अशा वेळी मला ब्रिटिश गिटारवादक पीटर ग्रीनची १९५९ सालची लेस पॉल आठवते. तिच्या नेककडच्या पिकअपमधले चुंबक उलटे आहे, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र केले की ते एकमेकांच्या विरुद्ध बोलतात आणि आवाज पातळ, अनुनासिक होतो. कोणीही तो दोष म्हणून दुरुस्त करून टाकला असता. ग्रीनने ती गॅरी मूर या गिटारवादकाला विकली, मूरने ती अनेक वर्षे वाजवून २००६ साली विकली आणि २०१४ साली ती ‘मेटालिका’चा गिटारवादक कर्क हॅमेट याच्याकडे आली; एवढ्या हातांतून फिरूनही तो आवाज आजही त्या गिटारीची ओळख आहे. माझ्या निळ्या गिटारीची तिच्याशी तुलना करण्याचा आगाऊपणा मी करत नाही. मात्र त्या लोकांनी आपल्या गिटारीत नेमके काय चालले आहे ते कान देऊन ऐकले होते, आणि मी फक्त ट्यूनरच्या काट्याकडे पाहत होतो.

ती परत हवी आहे का, असाही प्रश्न पुढे येतो. नको. त्याने पुढे तिच्यावर एकदा फ्रेट बदलून घेतले आहेत, नेकच्या मागची लकाकी त्याच्या अंगठ्याने घासून गेली आहे, आणि त्या दिवशी त्याने ती माझ्या हातात दिली तेव्हा ती मला दुसऱ्याच्या चपलेसारखी वाटली. पस्तावा विकल्याचा कमी आणि न समजता विकल्याचा जास्त आहे, आणि हे दोन सुटे करून सांगायला वायरी गुंडाळण्याइतका वेळ पुरत नाही.

तेव्हापासून माझ्या गिटारीच्या पेटीत तारांच्या पाकिटाशेजारी एक छोटा स्क्रू ड्रायव्हर असतो. काही महिन्यांपूर्वी एक मुलगी तिची स्ट्रॅटोकास्टर विकत होती. गिटार सुरेख होती आणि मला हवीच होती. का विकतेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “काका, वरच्या फ्रेटवर सूरच लागत नाही हिचा.” मी जाडी तार छेडली, हसू आवरले आणि नेककडचा पिकअप तीन-चार वळसे खाली घेतला. तिने पुन्हा वाजवून पाहिले, मग आणखी एकदा, आणि मग माझ्याकडे न बघता बराच वेळ वाजवत बसली. विक्रीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी गिटार आणायला म्हणून बरोबर नेलेली रिकामी पेटी उचलली आणि घरी आलो. त्यामुळे आज तीनच आहेत.