आत्याच्या वाड्याच्या जागेतली नाणी

वाईतला आत्याचा वाडा उतरवला. लाकूड विकलं गेलं, विटा गेल्या, आणि मागे राहिली मोकळी जागा. जोत्याचे दगड, मंगलोरी कौलांचा चुरा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पांढरी माती. आता तिथे इमारत होणार. त्याआधी सगळी जागा मेटल डिटेक्टरने पाहून घेऊ का, असं विचारलं तर आत्या म्हणाली, "बघ की. पण खड्डे बुजव रे बाबा, कुणाचा पाय मुरगळायला नको."

आपल्या भागात हे यंत्र चालवायला चिकाटी लागते. तबकडीतल्या कॉइलमधून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं, धातूत प्रवाह उठतात, आणि त्यांचा प्रतिसाद किती मागे पडतो त्यावरून पडद्यावर आकडा उमटतो. लोखंडाचा आकडा खाली, तांब्या-चांदीचा वर. पण आपला काळा दगड बेसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइट, त्यामुळे नुसती मातीही बोलत राहते. भाजलेलं कौलसुद्धा आवाज देतं. म्हणून आधी घमेल्याने कौलांचे तुकडे बाजूला केले, मग ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीच्या आवाजाकडे यंत्राने दुर्लक्ष करावं अशी जुळणी, आणि मगच फेऱ्या. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद आणि बारीक सोन्याची अंगठी यांचे आकडे जवळजवळ सारखेच येतात, त्यामुळे तसा प्रत्येक आवाज उकरावाच लागतो. अंगठी काही मिळाली नाही.

सर्वात जास्त मिळाले खिळे. लोक ते फेकून देतात, मी ठेवतो. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी धडाचा आणि टोकाकडे निमुळता असतो, डोक्यावर हातोडीचे घाव दिसतात. कारखान्यातला तारेचा खिळा गोल. माजघराच्या जागी निघाले ते सगळे घडीव, ओसरीच्या जागी दोन्हींची सरमिसळ. म्हणजे ओसरीचं काम पुन्हा कधीतरी झालं असणार. आत्याला विचारलं तर लगेच म्हणाली, "दादाच्या लग्नाला ओसरी नव्याने केली होती." जुनी माणसं आहेत तोवर त्यांना दाखवावं, ते यासाठी.

ओट्यापाशी भोकाचे पैसे मिळाले, दोन नाणी. मधल्या भोकावर मुकुट असला की तो 1943 ते 1947 मधला. महायुद्धात धातू वाचवायला टाकसाळीने पैसा हलका केला आणि मधोमध भोक ठेवलं. धाकट्या भावाच्या करदोट्यात असाच पैसा ओवलेला होता, हे आत्याला आठवतं. त्याच बाजूला एक पाव आणा निघाला, असे चौसष्ट मिळून रुपया व्हायचा. साल झिजून गेलेलं, पण राणीच्या चेहऱ्याशेजारी 'एम्प्रेस'ची शेवटची अक्षरं लागली, आणि तेवढं पुरतं. 1876 पर्यंत व्हिक्टोरिया नाण्यावर 'क्वीन' आहे, 1877 पासून 'एम्प्रेस'.

माझ्या मते या जागेतली सर्वात मोलाची वस्तू उंबरठ्याच्या आतल्या बाजूला, वीतभर खोल होती. जाड, वेडावाकडा, हिरवा पडलेला तांब्याचा तुकडा. असा तुकडा हाती आला की चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही त्याला लावू नये. तो हिरवा थर गेला की त्याबरोबर अक्षरंही जातात. मी तो डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवला, रोज पाणी बदललं आणि बांबूच्या काडीने माती सोडवली. रात्री दिवे मालवून टॉर्च अगदी आडवा धरला तेव्हा सावलीत 'राजा' उठला, वर 'श्री'चा वेलांटीकडचा भाग. मागे 'छत्र' आणि 'पति', आणि दोन्ही ओळींच्या मधे दोन समांतर रेघा. दुदांडी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं, दोन रेघांचं तांब्याचं नाणं! शिक्का तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे 'श्री राजा शिव' पूर्ण उमटलेली शिवराई क्वचितच मिळते. दुदांडी उत्तर पेशवाईच्या सुमाराची मानतात. पण शिवराई पुढे इंग्रजी अमलातही बाजारात चालत होती, म्हणून ती पडली कधी हे नुसत्या नाण्यावरून ठरत नाही. त्यासाठी जागा आणि खोली लिहून ठेवावी लागते. मी वाड्याचा आराखडा कागदावर काढून त्यावर प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला आहे.

हे सगळं मालकाच्या लेखी परवानगीने. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मी फोटो आणि आराखड्यासह यादी दिली आहे. आणि गडांवर डिटेक्टर नेण्याचा विचारही कुणी करू नये. संरक्षित स्मारकात उकरणं गुन्हा आहेच, शिवाय रात्री बॅटरी घेऊन कुणी तिथलं नाणं काढून नेलं की ते कुठल्या थरात होतं ही माहिती कायमची जाते. अभ्यासकांना पुढे ती कुठूनही परत मिळत नाही. मला याचा मनापासून राग येतो.

परसातली विहिरीकडची बाजू अजून राहिली आहे. तिथे घाणेरी माजली आहे, ती काढायला पुढच्या रविवारी माणूस येतोय.