खाणीपुढे झाडं लावली की भागतं का?

गावात खडीची खाण येणार अशी कुणकुण लागली की लोक आम्हा लँडस्केप आर्किटेक्टना, म्हणजे मोकळ्या जागेची आणि भूदृश्याची आखणी करणाऱ्यांना, गाठतात. सरपंच असोत, खाणमालक असोत की शाळेतल्या बाई असोत, प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, रस्त्याच्या कडेनं झाडांची रांग लावली तर खाण दिसायची नाही ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते. खाण दिसेल. झाडं उशिरा झाकतात आणि थोडंच झाकतात. खाण किती नजरेत भरणार, हे पहिला सुरुंग लागायच्या आधीच ठरतं. डोंगर कोणत्या अंगानं फोडायचा आणि कुठं थांबायचं हे नकाशावर आखतात तेव्हा.

दृश्य ही मोजायची गोष्ट आहे, हे आपल्याकडे अजून पुरतं रुजलेलं नाही. अमेरिकेत सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटनं १९८६ साली यासाठी एक पद्धत घालून दिली. आकार, रेषा, रंग आणि पोत या चार बाबतींत नवं काम भोवतालापेक्षा किती वेगळं उठून दिसेल, ते ठरावीक ठिकाणी उभं राहून नोंदवायचं. मी हीच चौकट सह्याद्रीत वापरते आणि ती इथं उत्तम चालते. आपले डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेले, त्यामुळे त्यांची रेषा आडवी. कडा, मग उतार, मग पुन्हा कडा. खाणीत दगड टप्प्याटप्प्यानं फोडताना पडणाऱ्या पायऱ्याही आडव्याच असतात, त्या एकवेळ या रेषेत मिसळून जातात. पण माथ्यालाच खाच पडली, तर ती आभाळाच्या पार्श्वभूमीवर कित्येक मैलांवरून दिसते आणि कायमची राहते. म्हणून माझी पहिली अट हीच असते: माथ्याची कड मोडायची नाही.

रंगाचं गणित ऋतूवर फिरतं. वैशाखात उतार पिवळे-तपकिरी असतात, तेव्हा उघडा मुरूम फारसा खटकत नाही. तोच काप श्रावणात हिरव्यागार डोंगरावर लालभडक दिसतो. अहवालात फक्त उन्हाळ्यातले फोटो लावलेले असतील तर मी पावसाळ्यातलेही मागते, आणि ग्रामसभेनंही मागावेत.

आता पाहायचं कुठून? जिथं माणसं थांबतात तिथून. एसटीचा थांबा, शाळेचं पटांगण, देवळाचा पार, पालखीची वाट, गडाचा बुरूज. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेतल्या अर्जात आसपासची पर्यटनाची आणि तीर्थाची ठिकाणं, तिथं जायचे रस्ते नोंदवायला सांगितलेलं आहेच. बांधकाम प्रकल्पांच्या पुरवणी अर्जात तर दृश्य अडेल का, असा सरळ प्रश्न आहे. खाणींच्या कागदांत मात्र हा विषय बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेला मी पाहिलाय, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उंचसखलपणाचा नकाशा संगणकात घातला की खाण कुठून दिसेल आणि कुठून नाही ते कळतं. पण गावाला पटायला साधा उपाय बरा. एका गावी आम्ही खाणीच्या प्रस्तावित वरच्या कडेला उंच बांबू रोवले आणि त्यांना केशरी लुगडी बांधली. मग खाणमालकांना घेऊन शाळेच्या पटांगणात आलो. कागदावर 'अंशतः दृश्य' असं लिहिलेल्या जागेवरून सगळी लुगडी ओळीनं फडफडताना दिसत होती, दोन तर थेट माथ्याच्या वर. एक आजी म्हणाल्या, "म्हंजी एवढा डोंगर जायचा?" मालक बराच वेळ बघत राहिले आणि हद्द खाली घ्यायला तयार झाले. कुठल्याही अहवालानं ते एवढ्या लवकर झालं नसतं.

हे नीट केलेलं उदाहरण पाहायचं तर इंग्लंडमध्ये डर्बीशरला होपचा सिमेंट कारखाना आहे. तिथं जेफ्री जेलिको या भूदृश्यकारानं १९४३ साली, म्हणजे ऐन महायुद्धात, पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा केला. कारखान्याचं धुराडं आजही साऱ्या खोऱ्यातून दिसतं, ते झाकणं शक्यच नव्हतं. पण चुनखडीची एवढी मोठी खाण खोऱ्यातून त्या मानानं फारच कमी जाणवते. इतक्या लांबचा विचार खाण चालू असतानाही करता येतो, याचा तो दाखला आहे.

आपल्याकडेही डोंगराची गावाकडची बाजू तशीच ठेवून पाठीमागून आत शिरता येतं. आतला रस्ता डांबरी रस्त्याला काटकोनात सरळ भिडवला तर येणाऱ्या-जाणाऱ्याला थेट खाणीचं पोट दिसतं. एक वळण दिलं की ती खिडकी बंद होते. खड्डा पुरेसा खोल झाला की क्रशर, म्हणजे दगडाची खडी करणारं यंत्र, खाली तळात न्यावा, म्हणजे धूळही दबते. धुळीचा लोट दगडापेक्षा लांबून दिसतो, तेव्हा पाणी मारणं हा दृश्याचाही उपाय आहे. शेडचे चकचकीत पत्रे आसपासच्या मातीपेक्षा थोड्या गडद, मंद रंगात रंगवावेत. दिवे खाली वळवावेत. वरची माती आधी काढून रस्त्याच्या बाजूला तिचाच बांध घालावा आणि त्यावर लगेच गवत पेरावं, पुढे भरणीला तीच माती लागते.

गडावरून पाहणाऱ्याला मात्र बांधाचा उपयोग नाही, तो वरून सगळं बघतो. त्याच्यासाठी एकच मार्ग: एका वेळी थोडाच भाग उघडा ठेवायचा आणि काम संपलेला भाग लगेच माती टाकून लावायला घ्यायचा. पुण्याभोवतीच्या जुन्या खाणी बघा, दगड काढून झाला आणि त्या तशाच सोडून दिल्या. 'शेवटी सगळं एकदम करू' या आश्वासनावर मी सही करत नाही.

आणि झाडं? लावाच, पण त्यांच्याकडून काय मिळणार ते ओळखून. मुरमाड जमिनीत, वीतभर मातीत रोप उंच व्हायला वर्षानुवर्षं लागतात, तोवर खाणीचा बराचसा करार संपलेला असतो. सुबाभूळ किंवा निलगिरीची एका रेषेतली रांग स्वतःच डोळ्यांत खुपते. साग आणि पळस उन्हाळ्यात निष्पर्ण होतात, नेमकी धूळ जास्त असते तेव्हा. करंज, जांभूळ, चिंच, कडुनिंब मिसळून, मागेपुढे झुबक्यांनी लावा, खड्डे मोठे घ्या आणि बाहेरून चांगली माती भरा. पहिली तीन-चार वर्षं उन्हाळ्यात टँकरनं पाणी कोण घालणार ते मंजुरीच्या अटींत नावानिशी लिहून घ्या. आणि रोपं खाण सुरू झाल्यावर लावू नका, खाणीचा अर्ज दाखल होईल त्याच पावसाळ्यात लावून टाका.